लॉरेल फोर्कची सत्त्याण्णव माणसं

"एकटीच राहते मी," हेस्टरआजी म्हणाली आणि दारात आडवी उभी राहिली.

आल्माने खाली पाहिलं. पायरीवर पुरुषी बुटांचे तीन जोड वाळत पडले होते. चिखलाने माखलेले, आणि एकेक एवढा मोठा की आजीचे दोन्ही पाय एकातच मावले असते. आत कुणीतरी खोकलं आणि लगेच खोकला उशीत दाबल्यासारखा बंद झाला.

"मग हे बूट कुणाचे गं, आजी?"

"माझेच. थंडी वाजते मला."

"जून महिन्यात?"

"म्हातारपणी बारा महिने वाजते. तू झालीस की कळेल तुला. लिही, एक."

आल्मा स्टिडमच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र होतं आणि हातात जनगणनेचा कागद. तीस वर्षं ती या दरीतल्या शाळेत स्वयंपाकीण होती. शाळा बंद झाली, पोरं बसमध्ये बसून डोंगरापलीकडे जायला लागली, आणि आल्माचे हात रिकामे झाले. म्हणून तीन महिन्यांचं हे दारोदार फिरण्याचं काम तिने घेतलं. आत खोकणारा कोण, हे तिला बघायची गरजच नव्हती. तो आजीचा विधुर जावई आर्लो. वीस वर्षं खाणीत घालवलेल्या माणसाचा खोकला साऱ्या दरीला ओळखू येतो. उरलेले दोन जोड आजीच्या नातवांचे. त्यांच्या ताटात आल्माने आठ-आठ वर्षं बीन्स आणि मक्याचा पाव वाढला होता.

"आजी, मी काय समाजकल्याणवाली आहे का गं? हा कागद बहात्तर वर्षं कुलपात राहतो. मी शपथ घेतलीय."

"मागच्या खेपेला आली होती ती बाई पण गोडच बोलत होती. कॉफी प्यायली माझ्याकडची, केक खाल्ला, पोराबाळांची चौकशी केली. आणि पुढच्या महिन्यात धान्याचं कार्ड बंद! घरात कमावता पुरुष आहे म्हणे. कमावता! आर्लोला जिना चढवत नाही. आठ महिने आम्ही काय खाल्लं, ते त्या बाईने लिहिलं का कुठे?"

आजीचं एकही अक्षर खोटं नव्हतं.

पण गोष्ट पाण्याची होती. लॉरेल फोर्कच्या विहिरी खाणीने नासवल्या, त्याला पंचवीस वर्षं झाली. नळ सोडला की नारिंगी पाणी येतं, वर सडक्या अंड्याचा वास. त्यात धुतलेली चादर पुन्हा कधी पांढरी होत नाही. लहान मुलाला आंघोळ घातली की त्याच्या मांडीवर पुरळ उठतं. संडासाचं भांडं कितीही घासा, गंजलेलंच दिसतं. पाहुणा आला तर घरच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पिण्याचं पाणी दुकानातून बाटल्यांनी आणायचं, आणि दुकान चौदा मैलांवर.

आणि स्वच्छ पाणी कुठे होतं? दरीच्या तोंडाशीच! टपालपेट्यांच्या रांगेखालून बारा इंची पाइप वर डोंगरावर जातो. त्या डोंगराचं डोकं उडवून कंपनीने कोळसा काढला, कोळसा संपल्यावर पळ काढला, आणि त्या सपाटीवर सरकारने तुरुंग बांधला. चौदाशे बारा कैद्यांना वर गरम पाण्याची आंघोळ. खालच्या माणसांनी पत्रं काढायला जावं आणि पायाखालून जाणारं पाणी ऐकावं. किळस येते ती याची. दगडालाही आली असती.

काउंटीच्या कारभाऱ्याला आमच्याकडे जज म्हणतात, मग त्याने जन्मात कुणाचा न्याय केलेला नसला तरी चालतं. आमचा जज डेनव्हर प्रेटर हा शाळेत आल्माच्या मागच्या बाकावर बसायचा. त्याने एप्रिलमध्ये दरीच्या चर्चमध्ये येऊन सांगितलं होतं, "जनगणनेत शंभर माणसं भरू द्या. पाणीखात्याचा नियमच आहे, शंभराच्या खाली फाटा देत नाहीत. शंभर भरली की त्याच वर्षी पाइप तुमच्या दारात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दरीत सव्वाशेच्या वर माणसं राहतात, हे शेंबडं पोरही सांगेल. शंभर म्हणजे हातचा मळ.

टपालाने भरून आलेल्या कागदांवर मात्र फक्त एकसष्ट निघाली.

बाकीची भरायची आल्माने. महिनाभर ती घरोघर हिंडली. मॉसी गिब्सन म्हणाली, नवरा सोडून गेला, ओहायोत राहतो मेला. तेवढ्यात गोठ्यामागून शिट्टी ऐकू आली, आणि अशी शिट्टी मारणारा लॉरेल फोर्कमध्ये एकच माणूस आहे. मॉसी आल्माच्या नजरेला नजर देईना. "पिलांना अंगलट येईल गं, आल्मा," एवढंच पुटपुटली. त्यापुढच्या घरी म्हाताऱ्या क्लेलने भाच्याला कुत्र्याच्या खोपटात बसवलं होतं. कुत्रा बाहेर भुंकत होता, बिचाऱ्याला आपल्या घरात हे कोण शिरलंय ते कळेना. बायका, पोरं, म्हातारे कागदावर आले, पण घरातला धडधाकट पुरुष म्हणून कुठे सापडेना. जणू लॉरेल फोर्कमध्ये बायका आपोआपच बाळंत होत होत्या!

हेस्टरआजीचं घर शेवटचं. तिथे पोचेपर्यंत आकडा शहाण्णववर आला होता.

"आजी, ऐक माझं. पाण्यासाठी मागतेय. तुझ्या घरातली चारही लिहिली तर माझे शंभर पुरे होतात."

"पाणी येईपर्यंत मी जगणार आहे का?"

"म्हणून काय असंच ठेवायचं?"

"मला मेल्यावर एकदा पांढऱ्या पाण्याने धुवा, झालं. त्या गावातल्या मयत सजवणाऱ्या कोटवाल्याच्या हातात देऊ नका मला. तुम्ही बायकांनीच धुवा." मग आजीने मान तिरकी केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि काय गं बये, मार्च महिन्यात तुझ्या घरी कागद आला, त्यावर तू किती लिहिलेस?"

आल्माच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

तिच्या घरामागच्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये तिचा मुलगा रँडल राहत होता. ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. त्याचा पगार आल्माच्या घरात धरला, की तिचं सरकारी दवाखान्याचं कार्ड जाणार, आणि कार्ड गेलं की इन्सुलिन गेलं. मार्चमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने कागद भरला होता. या घरात किती माणसं राहतात? पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं, आणि लिहिलं, एक.

"घरोघरी मातीच्या चुली," आजी म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "लिही पोरी. हेस्टर फ्युगेट, वय एक्याऐंशी. एकटी."

आल्माने लिहिलं. सत्त्याण्णव.

तिने लपवलेल्यांची नावं का घातली नाहीत, असं कुणी विचारेल. घालता आली असती. आर्लोचं वय, नातवांच्या जन्मतारखा तिला तोंडपाठ होत्या. पण शपथ घेताना तिने हात वर केला होता. आणि नाव लिहिलं आणि उद्या खरंच कुणाचं कार्ड बंद झालं, तर कोणत्या तोंडाने त्यांच्या दारासमोरून जायचं? स्वतःचा कागद मात्र तिला दुरुस्त करता आला असता. एका सहीचं काम होतं. अठ्ठ्याण्णवनेही काय होणार होतं, असं म्हणून तिने तो विषय मनातून काढला. मॉसीही असंच म्हणाली असणार. क्लेलही. आपल्या एकाने काय होतं! या एका वाक्यावर आमची अख्खी दरी नारिंगी पाण्यात बुडाली, आणि बुडवणारे आम्हीच.

तुरुंगाची गणना कशी झाली, तेही ऐका. कुणी दार ठोठावलं नाही, कुणाचे बूट पाहिले नाहीत. वरच्या ऑफिसातून एक यादी आली. चौदाशे बारा. एकही माणूस इकडचा तिकडे नाही.

आकडे दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये जाहीर झाले. जजने कोर्टाच्या दालनात समारंभ ठेवला. टेबलावर भलामोठा केक, त्यावर निळ्या साखरेने काउंटीची लोकसंख्या लिहिलेली: १२,१०४.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपण वाढलो!" जज म्हणाला. "लोक म्हणायचे, काउंटी मेली. मेली का? बघा!" टाळ्या झाल्या. मग त्याची नजर आल्माकडे गेली. "आल्मा, ये ना पुढे. तुझा हात बसलेला आहे. तू काप."

आल्माने सुरी घेतली. पहिल्याच फटक्यात एक आणि दोन वेगळे झाले.

"डेनव्हर," केक कापता कापता ती हळूच म्हणाली, "आपण कुठे वाढलो रे? चौदाशे तर ती वर कोंडलेली आहेत. ती काढली तर आपण मागच्या वेळेपेक्षा कमी भरतो."

"सरकार म्हणतं ती इथे राहतात."

"राहतात? गजाआड असलेल्याला राहणं म्हणतोस तू?"

"आकडा तो आकडा, आल्मा. आकड्याला पैसा मिळतो. तुला काय वाटतं, कोर्टाचं छत कशातून होणार आहे?"

"आणि लॉरेल फोर्क?"

त्याने चेहरा पाडला. पुढाऱ्यांना हे फार छान जमतं. "सत्त्याण्णव भरली. तीन, फक्त तीन कमी! मी पाणीखात्याचे पाय धरले. नियम म्हणजे नियम. बाटल्या पाठवतो मी. पन्नास खोकी. काउंटीतर्फे."

दरीत खरी माणसं किती आहेत, हे आल्माच्या ओठावर आलं होतं. पण बोलायचं कुणाबद्दल? शेजाऱ्यांची नावं घ्यायची, की स्वतःचं? तिने सगळ्या केकचे सारखे तुकडे केले, एकेकाच्या हातात ठेवले, आणि आपल्या वाट्याचा तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला. तिला स्वतःच्या हाताचीसुद्धा शिसारी आली.

बाटल्या मात्र खरंच आल्या. प्रत्येक बाटलीवर जजचा हसरा चेहरा.

एप्रिलमध्ये हेस्टरआजी गेली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही, एवढं सोपं मरण. आल्मा, मॉसी आणि आजीची डोंगरापलीकडे दिलेली धाकटी लेक अशा तिघींनी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. लेकीने माहेरच्या सवयीने नळ सोडला. मोरीत नारिंगी धार पडली, वास सुटला, आणि तिघीही जिथल्या तिथे थांबल्या.

"बंद कर तो," आल्मा म्हणाली.

तिने जजच्या बाटल्यांचं खोकं ओढलं. एकेक बूच फिरवून पाणी पातेल्यात ओतलं, चुलीवर कोमट केलं. एकोणीस बाटल्या लागल्या. आजीच्या बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला, पंचवीस वर्षांचा नारिंगी रंग बसला होता. आल्मा घासत राहिली. पाणी पांढरं होतं, पण आजी काही पुरती पांढरी झाली नाही. मॉसी रडायला लागली. आल्मा रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

दुपारी जज आला. मयताला तो कधी चुकत नाही. टोपी काढून तो अंगणात एकेकाचा हात धरत फिरला. "काय आर्लो, खोकला कसा आहे? अरे, गिब्सन! ओंडक्यांचा भाव काय म्हणतोय, रँडल?" सगळ्यांची नावं त्याला पाठ होती.

आल्मा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणजे यालाही ठाऊक होतं. साल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

पेटी बाहेर काढायची वेळ झाली. आमच्याकडे पेटीला सहा माणसं लागतात, आणि ती दरीतलीच असावी लागतात. मेलेल्याला परक्याच्या हातांनी नेत नाहीत. आर्लो पुढे झाला. त्याच्यामागे आजीचे दोन्ही नातू. मॉसीचा ओहायोतला नवरा गोठ्याकडून आला, अंगात इस्त्रीचा शर्ट. क्लेलचा भाचा आला. मोजायचं नाही असं ठरवलं, तरी आल्माचे ओठ हलत राहिले.

पाच. एकशे दोन.

मागचा डावा कोपरा रिकामा होता. रँडलने ट्रकच्या चाव्या खिशात घातल्या, हात पँटला पुसले आणि तो कोपरा धरला. आर्लोने खोकला गिळून "हं" म्हटलं आणि सहाही जणांनी आजीला एकदम उचललं. पेटी जराही कलली नाही.

आल्माने त्यांच्या पायांकडे पाहिलं. सहा जोड बूट, सगळे घासूनपुसून काळेभोर केलेले, चढणीला लागले होते.

ती आत गेली. टेबल पुसलं. एका बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. ते सांडू नये म्हणून तिने बूच घट्ट लावलं, आणि बाटली पदराखाली घ्यावी तशी कोटाआड धरून ती सगळ्यांच्या मागून टेकडी चढू लागली.