कापराच्या पेटीतलं घर

सियाव ग्वानहॉकचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या घरातली कपाटं करण्यात गेलं. आपल्या हातचं दार कधी कुरकुरलं नाही की पावसाळी हवेत फुगलं नाही, हे तो कुणी न विचारताच सांगायचा. आता तो सिंगापूरला, तोआ पायोहमधल्या एका जुन्या इमारतीत अकराव्या मजल्यावर एकटाच राहत होता. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगा कोकसियांग जाऊन तीन. सुनेने, पेईशानने, दुसरं लग्न केलं. त्यात तिचं काही चुकलं असं म्हातारा चुकूनही म्हणत नसे. पण तिच्याबरोबर नातही गेली, आणि शूवेन वर्षातून दोनदाच दिसायला लागली, एकदा नववर्षाला आणि एकदा बापाच्या कबरीवर झाडलोट करायच्या सणाला.

मग बाओ आला. बाओ म्हणजे वाफेवरचा पाव. हा होता हॅमस्टर, उंदराच्या जातीचा, शेपटी नसल्यात जमा, डावा कान जरा फाटलेला. शूवेनला तो शाळेतल्या मैत्रिणीने दिला आणि नव्या बापाला दुसऱ्याच दिवशी शिंका सुरू झाल्या. पेईशान पिंजरा घेऊन सासऱ्याच्या दारात उभी राहिली.

"पा, याला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? शूवेन दर रविवारी येईल त्याला बघायला."

पहिलं वाक्य ग्वानहॉकच्या कानात शिरलंच नाही. दुसऱ्यासाठी त्याने वाघसुद्धा ठेवून घेतला असता.

शूवेन नऊ वर्षांची होती आणि बोलण्यात कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हती. आजोबाला ती आकोंग म्हणायची, आजीला आमा. पहिल्याच रविवारी तिने कमरेवर हात ठेवून पिंजऱ्याकडे पाहिलं.

"आकोंग, हा तुरुंग आहे. याला धावायला जागा पाहिजे. आणि बिळं करायला खाली एवढं जाड काहीतरी पाहिजे." तिने कोपरापर्यंत हात दाखवला.

"आणि मी कुठे झोपू? संडासात?"

"तुम्ही सुतार ना? मग करा काहीतरी."

पोरीने वर्मावरच बोट ठेवलं. तिने नुसतं "कराल का" म्हटलं असतं तरी त्याने केलं असतं, इथे तर त्याच्या कसबालाच आव्हान होतं. त्याने खोलीभर नजर फिरवली. पलंग, जेवायचं टेबल, देव्हारा आणि टीव्हीखालची मोठी पेटी. ती पेटी बायकोने लग्नात आणली होती, अस्सल कापराच्या लाकडाची, पुढच्या फळीवर पक्षी आणि पिओनीची फुलं कोरलेली. आत हिवाळी अंथरुणं होती, आणि या गावात हिवाळा म्हणून कधी येत नाही. पन्नास वर्षांत त्या अंथरुणांना कसर लागली नव्हती. झुरळ तर त्या पेटीच्या आसपासही फिरकत नसे.

"हिच्यासारखं लाकूड आता जन्मात मिळायचं नाही," तो नातीला म्हणाला. "बाओला राजवाडा करतो."

"आमाची पेटी कापणार?"

"आमा असती तर तिनेच करवत हातात दिली असती."

हे खरं नव्हतं. आमाने त्यालाच कापलं असतं. पण त्या आठवड्यात ग्वानहॉकच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचं बळ आलं. कोरलेली फळी त्याने एकही फूल न दुखवता सोडवली आणि तिच्या जागी काच सरकवली. आत दोन मजले केले, मध्ये उतरता जिना, कोपऱ्यात झोपायची खोली, मागच्या बाजूला गिरमिटाने हवेची भोकं. पन्नास वर्षांत आतून काळवंडलेल्या भिंती त्याने रंधा मारून नव्यासारख्या केल्या. रंध्यातून कुरळी, पिवळसर सालपटं निघाली. तो वास सगळ्या मजल्यावर पसरला, शेजारीण दारात येऊन नाक भरून घेऊन गेली. एवढी सुंदर सालपटं फेकायची कशाला? बाजारचा भुसा आणण्यापेक्षा त्याने तीच तळाशी हातभर पसरली. सुताराच्या घरात लाकूड वाया जात नाही, हीच त्याची हुशारी, आणि तिनेच घात केला.

रविवारी शूवेनने बाओला आत सोडलं. तो सालपटांत घुसला, पार गडप झाला, आणि दुसऱ्या टोकाला त्याचं नाक बाहेर आलं. पोरगी टाळ्या पिटत गोल फिरली. मग तिने न सांगता म्हाताऱ्याच्या गळ्यात हात टाकला. कोकसियांगच्या अंत्यविधीनंतर त्याला कुणी मिठी मारली नव्हती. तो "बरं, बरं, पेज निवतेय" म्हणत स्वयंपाकघरात पळाला आणि तिथे बराच वेळ भांडी उगाच हलवत राहिला.

पुढचे दोन रविवार ती दुपारभर राहिली. पेज, खारवलेलं अंडं, आकोंगने स्वतः शिजवलेलं बदक, आणि काचेपुढे पालथं पडून बाओशी गप्पा. तिसऱ्या आठवड्यात बाओ फारसा बाहेर येईना. त्याचे डोळे चिकट झाले, श्वास घेताना पाठ हलायला लागली. ग्वानहॉकला वाटलं, उकाडा. त्याने पंखा पेटीकडे वळवला. शुक्रवारी सकाळी बाओ झोपायच्या खोलीत ताठ होऊन पडलेला सापडला.

म्हाताऱ्याने पंखा बंद केला. त्याने टोपी घातली आणि बाजारातल्या प्राण्यांच्या दुकानात गेला. असाच एक, डावा कान फाटलेला, मिळेल का म्हणून त्याने विचारलं. दुकानातली बाई हसली.

"अंकल, फाटक्या कानाचे कुठून देऊ? आणि आधीचा गेला कशाने? नवा नेलात आणि तोही गेला तर?"

त्याने सांगितलं. सांगताना बंद पेटीचं, जिन्याचं जरा कौतुकच केलं.

"लाकूड कसलं?"

"कापराचं. अस्सल. भुसासुद्धा त्याचाच."

बाईचं हसू गेलं. "अंकल, त्याच्या वासाने किडे मरतात म्हणून तर लोक त्यात कपडे ठेवतात. एवढासा जीव, चोवीस तास त्या वासात… त्याची फुप्फुसं ती केवढी?"

यात नवीन असं काय सांगितलं तिने? चाळीस वर्षं तो स्वतःच गिऱ्हाइकांना हेच सांगत आला होता, की या लाकडात जीव म्हणून टिकत नाही. हे वाक्य त्याच्या जिभेवर होतं आणि हाताला ते कळलं नाही. घरी येऊन त्याने बाओला वर्तमानपत्रात गुंडाळलं. खाली झाडाशी पुरायला न्यायचं तर लिफ्टमध्ये कुणीतरी भेटणार, हातात काय म्हणून विचारणार. त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या, थेट तळमजल्याच्या कुंडीत उतरणाऱ्या कचऱ्याच्या नळीचं झाकण उघडलं आणि पुडी सोडून दिली. अकरा मजले खाली ती आपटल्याचा आवाजही आला नाही, इतकी ती हलकी होती.

आता रविवार समोर होता. हॅमस्टर मेला म्हटलं की पोरीचं येणं संपलं, हे त्याला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसत होतं. पेईशान वाईट नव्हती, पण पोरीला शहराच्या दुसऱ्या टोकाहून विनाकारण कोण आणून सोडणार? मग त्याने पटाशी घेतली आणि मागच्या भिंतीतलं एक भोक कुरतडल्यासारखं मोठं केलं. बारीक, वाकडेतिकडे दातांचे ओरखडे. इतकं हुबेहूब काम त्याने आयुष्यात क्वचितच केलं होतं, आणि ते करताना त्याला स्वतःची किळस आली.

"पळाला," तो शूवेनला म्हणाला. "घरातच असेल कुठेतरी."

ती रडली नाही. तिने भोकात बोट घालून पाहिलं आणि कामाला लागली. पलंगाखाली, देव्हाऱ्यामागे, फ्रिजखाली तिने बशा मांडल्या, प्रत्येकीत सूर्यफुलाच्या पाच बिया. "आकोंग, हात नाही लावायचा. मी पुढच्या रविवारी मोजणार."

शनिवारी म्हातारा जमिनीवर बसला आणि त्याने बिया खाल्ल्या. उभ्या हयातीत नववर्षाला बिया सोलत गप्पा मारलेला माणूस तो. पण नेहमीसारखी दोन सारखी टरफलं करून चालणार नव्हतं. पुढच्या दातांनी टोक कुरतडून त्याने टरफलं बशीभोवती विखरून ठेवली.

"जिवंत आहे," शूवेन रविवारी म्हणाली. तिचा चेहरा बघून त्याला क्षणभर स्वतःलाही खरं वाटलं.

एक खोटं झाकायला दहा खोटी लागतात. लेंड्या का दिसत नाहीत? मी रोज झाडतो. रात्री आवाज येतो का? येतो कधीकधी, भिंतीतून. असे सहा रविवार गेले. पूर्वी ती दुपारी चारला निघायची, आता संध्याकाळपर्यंत पलंगाखालीच असायची. म्हाताऱ्याला हवं ते सगळं मिळालं होतं, फक्त तो बदक शिजवायचा आणि त्याचा घास उतरत नव्हता.

जूनमध्ये शाळेला सुटी लागली. त्या रविवारी शूवेन पाठीवर दप्तर लावून आली आणि पेईशान दारातच थांबली.

"पा, आज राहायचं म्हणतेय तुमच्याकडे. पायजमा, ब्रश सगळं दिलंय. चालेल ना?"

तीन वर्षं ग्वानहॉक आतल्या खोलीतल्या कोकसियांगच्या पलंगाची चादर दर पंधरा दिवसांनी बदलत होता, कधीतरी पोर राहील म्हणून. "चालेल," तो म्हणाला, आणि चादर पुन्हा सारखी करायला आत गेला.

आई गेल्यावर शूवेनने दप्तरातून टॉर्च काढला आणि पिठाची पुडी काढली.

"हे मी जमिनीवर पसरणार. तो रात्री बाहेर येतो ना, मग त्याचे पाय उमटतील. मी जागीच राहणार. तुम्ही झोपा हवं तर." मग तिने पेटीची काच बाहीने पुसली. "आणि सापडला की पुन्हा इथेच ठेवू. त्याला कळलंच नाही तुम्ही किती छान घर केलंत ते."

ती पीठ पसरत होती, हलक्या हाताने, दार ते देव्हारा. ग्वानहॉक खुर्चीत बसून बघत होता. पोरीला डुलकी लागली की करंगळीच्या टोकाने पिठात चार-चार ठिपके काढावेत, पुढचे लहान, मागचे जरा लांबट, हे त्याच्या डोक्यात केव्हाच शिजून तयार होतं. मागच्यांना बोट किती टेकवायचं हेही ठरलं होतं. ते लक्षात आल्यावर तो खुर्चीतून उठला.

"शूवेन, पीठ राहू दे. बाओ पळाला नाही. तो मेला. माझ्या लाकडाने मेला. त्या वासात त्याला श्वास घेता आला नाही, आणि मला ते कळायला हवं होतं."

ती उकिडवी होती, तशीच राहिली.

"मग बिया?"

"मी खाल्ल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. तू येत राहावीस म्हणून."

तिने हातातलं पीठ पुडीत परत टाकलं. मग तिने विचारलं, "कुठे पुरलाय?"

इथे तरी खोटं बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. त्यालाही वाटलं. खाली एवढी झाडं होती, कुठल्याही झाडाकडे बोट दाखवता आलं असतं. पण आता त्याच्यात खोटं उरलं नव्हतं. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिने त्याची नजर हेरली, उठली, पिठातून पावलं उमटवत आत गेली आणि कचऱ्याच्या नळीचं झाकण उघडून आत वाकून बघितलं. झाकण तिने आवाज न करता लावलं.

"मम्मीला फोन लावा."

"पेज खाऊन तरी…"

"लावा ना."

पेईशान येईपर्यंत ती दप्तर लावून बाहेर गॅलरीत उभी राहिली, दाराच्या लोखंडी जाळीकडे पाठ करून. त्याने पाण्याचा पेला जाळीतून पुढे केला, तो तिने घेतला नाही. आई धापा टाकत आली. काय झालं, तिने दोघांना विचारलं. "काही नाही," शूवेन म्हणाली. तिने त्याला आईपुढे उघडं पाडलं नाही, आणि तेच म्हाताऱ्याला सगळ्यात जास्त लागलं.

त्या चिनी लोकांत घरात येता-जाता थोरांना नात्याने हाक मारल्याशिवाय मूल उंबरा ओलांडत नाही; बोलायला लागायच्या आधी पोरं हे शिकतात. लिफ्टचं दार उघडलं तशी पेईशानने मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"आकोंगला हाक मार. येते म्हणून सांग."

शूवेन लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली. पेईशान थांबली, पुन्हा म्हणाली, मग ओशाळून सासऱ्याकडे बघत आत शिरली.

"हं, सावकाश जा," ग्वानहॉकने जाळीमागून ओ दिली. लिफ्ट तोवर खाली निघाली होती.