मंद आवाज राखा

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामांच्या हाताखाली राबणारी. १९९७ साली सिंदी मेघेतल्या प्रफुलने मला सी या संगणकाच्या भाषेत लिहिले. कॅसेटमधली खरखर काढणे हे माझे काम. पण खरखरीसोबत दूरचे, बारीक आवाजही जात. म्हणून त्याने मला एक पर्याय दिला होता: 'मंद आवाज राखा'.

पुढे कुणीतरी माझ्यावर पायथन या दुसऱ्या, सोप्या संगणकी भाषेचे वेष्टन चढवले. मग सगळे त्यातूनच मला कामे सांगू लागले. "काय साफ आवाज!" म्हणून वाखाणू लागले. वेष्टनात मात्र तो पर्याय द्यायचाच राहिला होता. सहा वर्षे त्याला कुणी हाक मारली नाही.

२००७ साली पवनारच्या वर्षालीने एक कॅसेट संगणकात उतरवून माझ्याकडे दिली. पंधरा वर्षांपूर्वी तिचे वडील अण्णाजी ओसरीवर भजन म्हणत होते, तेव्हाची. त्याच दुपारी आतल्या खोलीत तिची आजारी आई, मनकर्णाबाई, वारली होती. "झोपेतच गेली," असे अण्णाजी सांगत.

भजन स्वच्छ निघाले. पण दोन कडव्यांमधली शांतता वर्षालीला खटकली. तिथे कुणाचा श्वाससुद्धा नव्हता. तिने माझा मूळ कोड उघडला, पर्याय शोधला आणि वेष्टनात दोन ओळी वाढवल्या. पायथनमधून तो प्रथमच माझ्यापर्यंत पोचला.

टाळ थांबले. भिंतीपलीकडून एक बाई बोलली.

"अवो... आयकता का? पाणी द्या ना."

पुन्हा टाळ. पुन्हा शांतता.

"अवो..."

तिसऱ्या कडव्यानंतर काही नव्हते. मी कसून शोधले.

वर्षालीने घाबरून आवाज बंद केला. मागे अण्णाजी उभे होते.

"काऊन बंद केलं?"

"बाबा, आई तुमाले बलावून राह्यलती."

अण्णाजी हळूच खाली बसले. "मले आयकू आलतं, पोरी. म्हटलं, येवढं कडवं होऊ दे, मंग जातो." पंधरा वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. "लाव पुन्हा."

दिवस मावळेपर्यंत ते ऐकत राहिले. दर वेळी टाळ थांबले, की अंधाऱ्या आतल्या खोलीकडे पाहून म्हणत, "आलो."

मित्रांनो, माझ्यासारखीवर वेष्टन चढवाल, तर आत काय काय आहे ते आधी नीट वाचा. मी जे पुसते, ते मला आधी ऐकावे लागते.