हेल्मेट आणि लाल समास

सोमवारचं झेंडावंदन आटोपलं, तरी सान इसिद्रोच्या शाळेचं पटांगण रिकामं होईना. बाहेर मक्याचे वाफवलेले तमाले विकणाऱ्या बायकासुद्धा पातेली सोडून आत आल्या होत्या. मेंदू जागा करण्याचे उपचार विकायला आलेल्या डॉक्टर बालदोमेरोंनी यादिराच्या डोक्यावर निळे दिवे लुकलुकणारं हेल्मेट चढवलं होतं.

"आयांनो, शुक्रवारच्या चाचणीत हिनं दोन मिनिटांत फळ्यावरची किती चिन्हं कागदावर उतरवली? नऊ! मेंदू गाढ झोपलेला! आता लहरी सोडतो. बाळ, ती स्टीलची पट्टी ठेव बाजूला, धातूनं लहरी बिथरतात. हं, कर सुरू!"

दोन मिनिटांत एकतीस! बायकांनी छातीवर क्रूस काढले. टाळ्या मीही वाजवल्या, कबूल करते.

यादिरा माझ्याच चौथीतली, पहिलीपासून मीच शिकवलेली. त्या नऊ चिन्हांवरून हेडमास्तरांनी तिचं नाव शहरातल्या मंद मुलांच्या वसतिशाळेसाठी लिहून टाकलं होतं. सुटायचं तर हेल्मेटच्या वीस बैठका. तिची आई एनेदिना त्यासाठी शिलाई मशीन विकायला निघाली होती.

"मशीन गेलं तर खायचं काय, ठेवलं तर पोर जाते. काय करू, बाई?" तिनं मला विचारलं.

तेवढ्यात डॉक्टरांनी दोन्ही कागद उंच धरले. शुक्रवारच्या कागदावर चारी बाजूंनी लाल समास, नाव, तारीख, अधोरेखित मथळा. आजचा कागद उघडाबोडका.

"यादिरा, शुक्रवारी आधी काय केलंस गं?"

"समास आखले, बाई. तुम्हीच म्हणता ना, समास नाहीत तर शून्य."

मी तमालेवालीकडून स्टीलची चाळणी मागून घेतली.

"डॉक्टर, हेल्मेट उतरवा."

"मेंदूला झटका बसेल, मॅडम!"

"बसला तर बघू."

फळ्यावर मी नवीच चिन्हं काढली, यादिराच्या डोक्यावर चाळणी उपडी घातली आणि समास आखू नकोस म्हणून बजावलं. तीस चिन्हं! मग हेल्मेट घातलं, दिवे लावले, समास आखायला हातात पट्टी आणि लाल पेन दिलं. दहाच चिन्हं.

पटांगणात हशा पिकला. "डॉक्टर, चाळणी केवढ्याला द्याल?" कुणीतरी ओरडलं. बालदोमेरो वायरी गुंडाळू लागले. हेडमास्तरांनी मान खाली घालून यादीतलं नाव खोडलं. एनेदिना रडत होती. मला मात्र हसू येईना.

यादिरानं चाळणीखाली लिहिलेला कागद हळूच पुढे केला. "बाई, यावर समास नाहीत. शून्य देणार?"

चार वर्षं हिला मीच त्या लाल चौकटीत कोंडलं होतं. म्हणून हात जोडून सांगते: कुणी तुमच्या लेकराला मंद ठरवलं, तर डोक्यावर काही चढवण्याआधी विचारा, त्या दोन मिनिटांत ते करत काय होतं? आणि ते त्याला कुणी शिकवलं?