पाहुण्यांपुरता गारवा

मी बोलतोय तो गाडीच्या पोटातून. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेला एक काळा, जड, बेढब गोळा दिसतो, तो मी. मला कॉम्प्रेसर म्हणतात. लोकांना वाटतं मी गारवा तयार करतो. तसं नाही. आत बसलेल्या माणसांची ऊब उचलायची आणि बाहेर रस्त्यावर नेऊन टाकायची, एवढंच माझं काम. हमालाचं म्हणा ना.

जन्माचं फारसं आठवत नाही. तापलेलं लोखंड, तेलाचा वास, आणि कुणीतरी मला हाताने फिरवून "जाऊ दे पुढे" म्हणालं, तेवढंच. त्या काळी एसीची गाडी म्हणजे अप्रूप. मालकांनी ती घरी आणली तेव्हा शेजारी एकेक करून आत बसले, डॅशबोर्डच्या जाळीपुढे हात धरून हसले.

मालक छापखान्यात वरच्या हुद्द्यावर होते. माणूस वाईट नव्हता, पण वस्तू जपायचं वेड भारी. सोफ्यावर चादर, चादरीवर प्लॅस्टिक. माझ्यावरही तशीच माया. एसीने इंजिनावर ताण येतो, असं ते सगळ्यांना सांगत. म्हणून मी चालायचो ते पाहुणे असले तरच. साहेब, नातेवाईक, परगावचे मित्र. ते उतरले की मालक बटण फिरवायचे, टक् असा आवाज व्हायचा आणि मी थांबायचो.

बाई, म्हणजे मालकीण, शेजारच्या सीटवर असायच्या. एकदा ऐन उन्हात पाहुण्यांना स्टेशनवर सोडून गाडी परत निघाली. मालकांचा हात बटणाकडे गेला.

"अहो, राहू द्या ना घरापर्यंत," बाई म्हणाल्या.

"आता कोण आहे गाडीत?" मालक म्हणाले.

ते कुचकेपणाने म्हणाले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. बाई आधी हसल्या, मग त्यांनी काच खाली केली. त्यानंतर त्यांनी माझं नाव काढलं नाही.

वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन गेली, पाहुणे कमी झाले आणि मी नुसताच बसून राहिलो. आम्हाला बसून राहणं सोसत नाही. फिरलो नाही की तेल तळाशी बसतं, रबराची कडी सुकते आणि गॅस आवाज न करता निघून जातो. मला कुणी तोडलं-फोडलं नाही. जपण्यानेच मी संपलो. वाऱ्याच्या वाटेत उंदरांनी संसार थाटला.

मग बाई आजारी पडल्या. इस्पितळाच्या खेपा सुरू झाल्या. उन्हात उभ्या गाडीच्या सीटा तव्यासारख्या तापायच्या. एकदा मुलगी चिडून म्हणाली की बाबा, आईला टॅक्सीने नेत जा, तिथे एसी तरी असतो. दुसऱ्या दिवशी गाडी एसीवाल्याच्या दारात उभी होती.

त्याने बॉनेट उघडलं आणि तो हसत सुटला. "काका, हा कॉम्प्रेसर नाही, जहाजाचा नांगर आहे. काढून टाका. नवा छोटा बसवतो, इंजिनाला कळणारसुद्धा नाही."

"नवा नको," मालक म्हणाले. "तिने हाच मागितला होता."

एसीवाल्याला काही कळेना. मग मालकांनी खाली मान घालून त्याला सगळं सांगितलं. पुढे त्याने थट्टा केली नाही.

त्याने मला उघडलं, जुनं काळं तेल काढलं, नवी कडी बसवली. पाइप बदलले, कॉइलमधून उंदरांचं घरटं काढलं. माझा जुना गॅस आता मिळत नाही. नवा गॅस, त्याला चालणारं नवं तेल. गळती शोधायला सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. एक सांधा काही केल्या ऐकेना. मालक रोज येऊन स्टुलावर बसत आणि आज होईल का, एवढंच विचारत. तिकडे बाई खेपेगणिक हलक्या होत चालल्या होत्या.

मी चालू झालो आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या.

भर दुपार होती. मालकांनी बाईंना जपून बसवलं, काचा वर केल्या, बटण फिरवलं. "लागतंय का गार?"

"हो. छान वाटतंय."

ते खरं नव्हतं. आतली ऊब माझ्याकडेच येते, मला कळतं. बाईंच्या अंगात ती उरलीच होती थोडी, आणि मी तीच ओढून घेत होतो. यंत्राला हात आखडता घेता येत नाही. सिग्नलला मालकांनी त्यांचा हात धरला. लगेच टक् आवाज झाला.

"बंद का केलंत?"

"बर्फ झालाय हात तुझा."

"मग एवढा खटाटोप कशाला केलात?"

मालक स्वच्छ काचच पुन्हा पुसत बसले.

वाटेत औषधाच्या दुकानापाशी ते उतरले. इंजिन चालूच होतं, गाडीत एकट्या बाई. तेवढ्यात बटण फिरलं. वीज माझ्यापर्यंत आली, गेली, पुन्हा आली. अनोळखी दारावरची घंटा दाबावी तसं. इतक्या वर्षांत त्या बटणाला बाईंचा हात कधी लागला नव्हता. त्यांनी मला अगदी मंद ठेवलं आणि चेहरा जाळीजवळ आणला. त्यांचा श्वास माझ्याकडे येत होता, सावकाश. मालक पायरी उतरताना दिसले तशी त्यांनी मला बंद केलं.

त्या उन्हाळ्यातच बाई गेल्या.

आता गाडी शेडमध्ये असते. माझी कडी ओली आहे, गॅस पुरा आहे, एकही सांधा गळत नाही. मालक अधूनमधून इंजिन चालू करतात, पण बटणाला हात लावत नाहीत. परवा मुलीला म्हणाले, "शेवटी उगाच गारठवलं गं तिला. मागितलं तेव्हा दिलं नाही आणि नको तेव्हा दिलं." मुलीला तरी काय माहीत?

माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाची त्यांच्याशी ओळख असेल, तर एवढा निरोप द्या. तुम्ही औषध आणायला उतरलात तेव्हा बाईंनी मला चालू केलं होतं. स्वतःच्या हाताने.