घाटुळे बाहेर गेलेत

आमच्या घरात तिघं राहतात : मी, आई आणि कोंडीराम घाटुळे. त्यांपैकी घाटुळ्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

रहाटणीतला हा फ्लॅट मी बँकेच्या लिलावात घेतला. घाटुळ्यांची चाकणची नोकरी गेली, हप्ते थकले, बँकेनं कुलूप लावलं आणि ते बायकामुलांसकट कुठंतरी निघून गेले. कुठं, ते सोसायटीत कुणालाच ठाऊक नाही. बँकेनं मला घर, किल्ली आणि दोन पंखे दिले. नाव मात्र घाटुळ्यांचंच राहिलं. विजेचं बिल त्यांचं. मोबाइलचं थकलेलं बिल त्यांचं. मोटरसायकलच्या कर्जाची नोटीस त्यांची, वकिलाचं अखेरचं पत्र त्यांचं, आणि त्यानंतर आलेलं त्याच वकिलाचं आणखी अखेरचं पत्रही त्यांचंच. माझ्या नावानं आजवर एक लग्नपत्रिका आली, तीही शेजारच्या विंगमधल्या दुसऱ्या दिगंबरची निघाली. गेटवरचा वॉचमन मला 'घाटुळेसाहेब' म्हणून सलाम ठोकतो. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. पुढं सलाम घेऊ लागलो.

हे सगळं निस्तरता आलं असतं. अडचण आईची होती.

वसुलीवाला पहिल्यांदा आला तेव्हा मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर होतो. दार आईनं उघडलं.

"घाटुळे आहेत का, मावशी?"

"बाहेर गेलेत. येतील."

मी धावत येईपर्यंत तो लिफ्टमध्ये शिरला होता.

"आई, तो माणूस इथं राहत नाही!"

"म्हाईत हाय की."

"मग?"

"दारात आलेल्याला न्हाई म्हणू नये दिगू. आपण ह्येंच्यासाठी केलं, तर तिथं कुणी आपल्यासाठी करंल."

'तिथं' म्हणजे परांड्याला. माझा थोरला भाऊ ज्ञानदेव ऐन विशीत तिथल्या घरातून बाहेर पडला, तो परतलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. तेव्हापासून आईनं तो उंबरा सोडून एक रात्र कुठं काढली नाही; ज्ञानू आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? शेवटी तिचे गुडघे गेले, तेव्हा मी ते घर विकून तिला इथं आणलं. घर घेणाऱ्या कस्तुराबाईंना आईनं एकच अट घातली : ज्ञानू आला तर त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि आम्हाला फोन करायचा. त्या 'व्हय व्हय' म्हणाल्या. खरेदीखतात हे कलम नव्हतं.

तेव्हा आईचा हिशेब साधा होता. घाटुळे इथं येणार, म्हणून ज्ञानू तिथं येणार.

ती घाटुळ्यांची पाकिटं फोडत नसे, पण वरवरून तिला पुष्कळ कळे. चष्म्याच्या दुकानाचं कार्ड आलं, की "डोळे तपासायला पाहिजेत त्यांनी." विमा कंपनीनं वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या त्या दिवशी तिनं शिरा केला. एक वाटी झाकून ओट्यावर ठेवली. संध्याकाळी ती मीच खाल्ली. खाताना उगाच मागं वळून पाहिलं.

आणि बस. दुसऱ्या शिफ्टची कंपनीची बस दुपारी आमच्या कोपऱ्यावर थांबते, हॉर्न देते, जरा वाट पाहते आणि चाकणकडं निघून जाते. चढत कुणीच नाही. तिथं चढणारे एकटे घाटुळेच होते म्हणे. कंपनीनं माणूस काढला, थांबा काढायचा राहिला. आई गॅलरीत जाऊन ड्रायव्हरला हातानं खूण करायची : आज न्हाई येत, जावा तुमी. त्यानंतरच बस हलायची. एकदा आई झोपली होती, तर बस हलेचना. हॉर्न वाजतच राहिला. शेवटी मी उठलो आणि खूण केली.

त्या दिवशी मी घाबरलो, हे कबूल करायला हरकत नाही. संध्याकाळी मी छापील सूचना आणून दारावर चिकटवली : 'कोंडीराम घाटुळे येथे राहत नाहीत. चौकशी करू नये.'

आईनं ती वाचली. चिडली नाही. फक्त म्हणाली, "परांड्याच्या दारावर बी असंच लावलं असंल का रे?"

"काहीतरीच. थांब, फोनच करतो."

मी खाली पार्किंगमध्ये गेलो. कस्तुराबाई शब्द पाळतात, याचा पुरावा घेऊनच वरती येईन, याची मला खात्री होती.

"कोण, दिगूभाऊ? बोला की!" कस्तुराबाईंचा आवाज खणखणीत होता.

"सहज केला. ज्ञानदेवची चौकशी करायला कुणी येतं का हो?"

"न्हाई बा. ज्ञानदेवची न्हाई." मग भांडी आपटल्याचा आवाज. "एक जण आलता मागं. दिवाळीच्या आदी. सोजराबाई हिथंच राहत्यात का, म्हणत हुता."

सोजराबाई म्हणजे आई.

"कोण होता?"

"काय म्हाईत. दाढी वाढल्याली. वयस्कर. जुन्या पायरीवर बसला हुता, तिथनं उठंचना."

"मग?"

"म्या म्हटलं, हिथं कुणी सोजराबाई न्हाई, कुटं गेल्या म्हाईत न्हाई. तुमचा नंबर हुता वो भाऊ, पर दिला न्हाई. वसुलीवाला असंल. तुमाला ताप नको."

"नाव नाही विचारलं?"

"न्हाई. पानी मागत हुता. म्हटलं, नळ फुडं हाय." मग जरा थांबून, "बरं केलं न्हवं?"

"बरं केलंत," मी म्हणालो.

पार्किंगमध्ये घाटुळ्यांच्या जागेवर माझी गाडी उभी होती. तिला टेकून मी बराच वेळ उभा राहिलो. वरती गेलो आणि आधी सूचना काढली. डिंक चांगला होता. कागद तुकड्यातुकड्यांनी निघाला.

"काय म्हणाली कस्तुरा?" आईनं विचारलं.

"आठवण आहे त्यांना. कुणी विचारलं तर सांगतात म्हणे, येतील म्हणून."

आईनं माझ्या नखांत अडकलेला कागद पाहिला.

दोनेक दिवसांनी वसुलीवाला परत आला. या खेपेला दार मी उघडलं.

"घाटुळे आहेत का?"

"बाहेर गेलेत," मी म्हणालो. "येतील. तुम्ही बसा."

त्या बिचाऱ्याला आजवर कुणी बसा म्हटलेलं नसावं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. नाव बुद्धभूषण. घर कोपऱ्यावरच, काळेवाडीत. आईनं पाणी आणून दिलं.

"तुम्ही हरवलेली माणसं शोधता ना?" मी विचारलं.

"हरवलेली नाही सर, थकलेली. म्हणजे थकबाकीदार."

"माझ्या भावाला शोधाल?"

"कर्ज किती आहे त्यांच्यावर?"

"काहीच नाही."

"मग अवघड आहे, सर." तो खरोखर हळहळला. "ज्याच्याकडून काही येणं नाही, त्याला शोधायला कोण पगार देणार?"

पण त्यानं खिशातून मोबाइल काढून वसुलीचं ॲप उघडलं. ज्ञानदेवचं नाव घातलं, वय घातलं, शेवटचा पत्ता म्हणून परांडा घातलं. मग अंगठा थांबला.

"रक्कम भरल्याशिवाय पुढं जात नाही हे. शून्य घेत नाही." त्यानं दाराकडं पाहिलं, जणू साहेब तिथं उभा होता. "एक रुपया टाकू का?"

खाली बसचा हॉर्न वाजला. आई गॅलरीकडं निघाली होती, ती मध्येच थांबली.

"एकच कशाला?" ती म्हणाली. "चांगले लाखभर टाक. तवा जीव लावून हुडकतील."

बुद्धभूषणनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. तो शून्यं वाढवत राहिला, आणि खाली बस थांबूनच होती.