मान आणि साडू

शरीर हे माणसाचं खरं राज्य असून त्यावर दुसऱ्या कुणाची सत्ता चालू देणं ही शुद्ध गुलामी आहे, असं शाळेच्या बसचालकाने जिमच्या आरशासमोर, कमरेवर हात ठेवून जाहीर केलं. आठवडा संपायच्या आत त्या राज्याचा डावीकडचा प्रदेश बंद पडला. मान वळेना. डावीकडून कुणी हाक मारली की राजाला अख्खं धड फिरवावं लागे, कपाट सरकवल्यासारखं.

सुट्टी संपून शाळा सोमवारी उघडायची होती आणि त्याआधी चालकांची तपासणी. खांद्यावरून मागे बघता आलं नाही, तर बस राखीव चालकाच्या हाती. राखीव चालक म्हणजे सख्खा साडू. जिमची वाट दाखवणारा साडूच. मान धरल्यावर ‘अरेरे’ म्हणणाराही साडूच, आणि ते ‘अरेरे’ जरा जास्तच मनापासून आलं होतं.

त्यात ट्रेनर म्हणाला, “काका, वर वहिनीकडे जाऊन या. फिजिओथेरपिस्ट आहे.”

“कुणाची वहिनी?”

“माझी.”

चालकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खालच्या मजल्यावर दिराने मोडायचं, वरच्या मजल्यावर भावजयीने जोडायचं आणि साडूने जिन्यात गिऱ्हाईक ढकलायचं.

“मग नका जाऊ,” घरी हे ऐकून बायको म्हणाली. “तपासणाऱ्यालाच म्हणा, मागून काही येत असेल तर तूच सांग बाबा.”

तो वर गेला.

बाईंनी मानेखाली अंगठा टेकवला तो नेमका दुखऱ्या जागी. इतकं नेमकं यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न कळवळता कळवळताही त्याच्या मनात आलाच.

“हात बधिर होतो? बोटांना मुंग्या?”

“मुंग्या नाहीत. साडू आहे.”

बाईंनी हे ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. कोपऱ्यातली काठी त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, “वजन कसं उचलता, दाखवा.”

काठी वर जाताना त्याचे खांदे कानांना भिडले, आणि मान वळत नसल्याने तो अख्खाच डावीकडे फिरला.

“भिंतीकडे काय बघताय?”

“खाली तिथे साडू असतो. तो किती वजन लावतो, ते बघावं लागतं.”

“आणि तुम्ही किती लावता?”

“त्याच्याहून थोडं जास्त.”

“मान वाकडी करून एवढं ओझं उचललं तर बैलसुद्धा खाली बसेल.” बाईंनी खांद्यांवर ऊबदार पिशवी ठेवली, आखडलेले स्नायू हलक्या हाताने मोकळे केले, कान हळूहळू खांद्याकडे न्यायला शिकवलं. हिसका द्यायचा नाही, दुखलं की थांबायचं. काही दिवस डोक्याच्या वर वजन उचलायचं नाही. मग हलकं, तेही खांदे खाली आणि तोंड समोर.

“सोमवारपर्यंत सुटेल?”

“सांगितलं तेवढं केलंत तर बहुतेक सुटेल. नाही सुटली तर बस चालवायची नाही. आत मुलं असतात ना?”

त्याने मान डावीकडे नेऊन पाहिली. बोटभर वळली, आणि ती इतक्यात कशी वळली, हेही संशयास्पदच होतं.

तो खाली आला. साडू घाम पुसत उभा होता.

“मला सगळं कळलंय,” चालक म्हणाला. “तू, ट्रेनर आणि त्याची वहिनी.”

“वर वहिनी आहे होय? बरं झालं सांगितलंस.” साडू त्याच्याकडे वळला, तो पायांपासून वळला. “माझीही मान धरलीय. उजवीकडे जातच नाही. तू किती लावतोस, ते बघून बघून.”

दोन कपाटं समोरासमोर उभी राहिली. तपासणी दोघांचीही होती. साडू खोटं बोलत असण्याची शक्यता होतीच. नजर ठेवणं भाग होतं, आणि मानही वाचवायची होती.

“साडूभाऊ,” तो शेवटी हळूच म्हणाला, “उद्यापासून जरा माझ्या समोर उभा राहशील का?”