जुन्या पानावरचं नाव

"माझ्याकडे तर नवाच पत्ता दिसतोय!" तिने फोनवर पुन्हा तेच सांगितलं, पण या वेळी आवाज चढला.

पलीकडे डायलिसिस केंद्राच्या काउंटरवरची बाई होती. सकाळपासून तक्रारी ऐकून तिचे कान किटले होते. "मॅडम, तुमच्याकडे दिसून काय उपयोग? इथे खुर्च्या रिकाम्या आणि पेशंट तिकडे जुन्या इमारतीचं कुलूप बघत उभे. सगळे म्हणतात, वेबसाइटवर जुनाच पत्ता आहे."

केंद्र आजच नव्या जागेत आलं होतं. जुन्या फाटकावर एक साधी पाटी लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ज्याला विचारावं तो म्हणणार, वेबसाइटवर आहे ना! आणि ती वेबसाइट बनवणारी-चालवणारी हीच, फोनवर आवाज चढवणारी. लहानपणी बाबांनी हिचं नाव वादळ ठेवलं होतं, ते काही उगाच नाही. एका जागी बसून एक गोष्ट पुरती बघणं हिच्या रक्तातच नव्हतं.

तिने सर्व्हर बंद करून चालू केला. सेटिंगच्या ओळी वरून खाली वाचल्या, खालून वर वाचल्या. शेजारच्या टेबलावरच्या डिझायनरला म्हणाली, "अरे, तुझ्याकडे उघड बघू." त्याने जन्मात ती साइट पाहिली नव्हती, त्याच्याकडे नवाच पत्ता आला. "लोकांनाच वाचता येत नसेल," तो म्हणाला. ती खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. मग काहीतरी करायचं म्हणून तिने स्वतःचा मोबाईल काढला आणि त्यावर ते पान उघडलं.

जुना पत्ता. जुना नकाशा. तिने कपाळाला हात लावला.

ब्राउझर एकदा पाहिलेलं पान स्वतःपाशी जपून ठेवतो, त्यालाच कॅशे म्हणतात. तिच्या कॉम्प्युटरवर मात्र 'कॅशे बंद' या चौकोनात कायमची बरोबरची खूण. हे काम करणारे सगळे ती करून ठेवतात, आणि मग विसरतात. त्यामुळे तिला रोज ताजं पान दिसायचं आणि जगालाही तेच दिसतंय असं ती छातीठोकपणे सांगायची. सर्व्हरवरचा भार कमी व्हावा म्हणून 'हे पान महिनाभर जपून ठेवा' असा हुकूमही तिनेच कधीतरी लिहिला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हुकूम तिने लगेच बदलला. पण ते वरातीमागून घोडं. ज्यांच्याकडे जुनं पान होतं त्यांचे ब्राउझर महिनाभर सर्व्हरला काही विचारणारच नव्हते. ज्याने दार ठोठावलंच नाही, त्याला आतून काय सांगणार? गंमत बघा, जो कधी आलाच नव्हता त्याला नवं पान मिळत होतं, आणि जो रोज येत होता त्याच्याच वाट्याला शिळं.

रोज येणारा. बाबा!

वेळा बघायला तेही हेच पान उघडायचे, आणि आज सकाळची वेळ त्यांचीही होती. मागे एकदा त्यांचं डायलिसिस चुकलं, तेव्हा अंगात पाणी भरून रात्रभर त्यांना आडवं होता आलं नव्हतं. जागा बदलणार हे तिने त्यांना सांगितलं होतं, पण कसं? फोनवर, दुसऱ्या हाताने टाइप करत: "बाबा, पत्ता पानावर टाकतेय, बघून जा." तिने फोन लावला. बंद. बाहेर पडताना फोन बंद ठेवायची त्यांची सवय. म्हणे बॅटरी वाचते.

ती गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. पानावर 'आजच्या वेळा' असा एक छोटा चौकोन होता. रोज बदलतो, म्हणून तेवढा तो दर वेळी सर्व्हरकडून ताजा येतो, पान कितीही जुनं असो! ती उभ्याउभ्याच टेबलावर वाकली आणि चौकोनात लिहिलं: 'वरचा पत्ता जुना आहे. केंद्र इथे आहे.' खाली नवा पत्ता. मोबाईलवर बघितलं. दिसला. आणि पळाली.

बाकीचे पेशंट चौकोन वाचून निघून गेले होते; जुन्या इमारतीच्या पायरीवर बाबा एकटेच बसले होते, पिशवी मांडीवर, घोटे बुटांच्या वर सुजून आलेले.

"बाबा, कुणाला विचारायचं नाही का?"

"विचारायचं कशाला? पान तुझंच ना." त्यांनी फोन चालू करून तिच्यापुढे धरला. "हा बघ पत्ता. आणि हे खाली काय आलंय? निघालो तेव्हा हे नव्हतं हं."

"ते आत्ताच टाकलं. थांबा, पानच नवं करते." तिने बोटाने पान खाली ओढून सोडलं. नवा पत्ता आला, नवा नकाशा, नवे रंग. बाबांनी फोन परत घेतला आणि ते पत्ता न बघता सरळ पानाच्या तळाशी गेले. पुन्हा वर, पुन्हा तळाशी.

"इथे तुझं नाव होतं. पान बनवणारी म्हणून, बारीक अक्षरात."

"नव्या पानावर काढलं. कोण वाचतंय ते!"

"मी वाचायचो," बाबा म्हणाले. "तुझा फोन लागत नाही. लागला तर तू घाईत. मग सकाळी चहा झाला की हे उघडायचो."

तिला लाज वाटली, आणि ती सर्व्हरवरच्या चुकीची नव्हे. तिने त्यांची पिशवी घेतली, त्यांना धरून गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला. नव्या केंद्राची गल्ली दिसली तसा तिने गाडीचा वेग कमी केला.

"बाबा, मी रोज फोन करत जाईन. निवांत."

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि तिच्या हातावर थोपटलं.

"करशील गं," ते म्हणाले. "पण तेवढं नाव परत घाल."